पॅकअप किती वाजता?

2025 मध्ये दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या शिफ्टवरून हिंदी सिनेमात बराच गदारोळ झाला. संदीप रेड्डी वांगाच्या ‘स्पिरिट’मधून ती बाहेर पडली, त्यामागे हे आठ तासही असल्याच्या बातम्या आल्या आणि मग जो तो मत देऊ लागला. या सगळ्या चर्चेत एखाद्या लाईटमनसमोर कुणी माईक धरलेला मला तरी दिसला नाही. आम्ही लाईटवाले नटीच्या दोन तास आधी येतो आणि ती गेल्यावर दोन तास केबल गुंडाळत बसतो. तिचे आठ झाले तर आमचे बारा होतील. तिचे बारा असतात तेव्हा आमचे सोळा झालेले असतात. म्हणून ती बाई भांडली ते मला मनापासून आवडलं.

मी मूळचा आटपाडी तालुक्यातला. आमच्याकडची पोरं गलाईच्या धंद्यात जातात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगतात. माझे चुलतभाऊ तिकडे गेले, मी लाईटच्या पेट्या उचलायला लागलो. आता वाईत राहतो आणि शूटिंगला जनरेटर भाड्याने देतो. म्हणजे थोडा मालकही झालोय, हे आधीच सांगून ठेवतो.

सेटवर मी आटपाडीचा म्हटलं की जुनी माणसं एकच नाव काढतात, ‘दो आँखें बारह हाथ’. सांगली-साताऱ्याबाहेर फार कुणाला ठाऊक नसतं, पण त्या सिनेमाचं मूळ आमच्या तालुक्यात आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, या दोघांनी 1939 च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेला तुरुंग. कैद्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली. गदिमा माडगूळचे, म्हणजे आमचेच. व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये तिचा सिनेमा केला आणि 1958 मध्ये बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं.

या सिनेमाची एक गोष्ट सेटवर फार सांगतात. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांतारामबापूंच्या डोळ्याला जबर इजा झाली, दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली. बरे झाल्यावर त्यांनी ‘नवरंग’ काढला. गोष्ट खरी आहे आणि माणूस मोठाच होता. पण ती कुणाला आणि कधी सांगितली जाते ते बघा. रात्री दोन वाजता, तरापा म्हणजे लाईटचं मचाण हलवायला नको म्हणणाऱ्या पोराला. बापूंनी डोळा पणाला लावला आणि तुला झोप येते काय?

अरे बाबा, डोळा पणाला लावला तो मालकाने, स्वतःच्या सिनेमासाठी. मागे परळचा राजकमल स्टुडिओ उभा होता. त्याआधी 1929 पासून प्रभात होती. कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेली ती कंपनी पुढे पुण्याला गेली. तिथे सुतारापासून नटापर्यंत माणसं पगारावर होती. शिस्त कडक होती. पण उद्या आपलं काम आहे की नाही, हे माणसाला माहीत असायचं. बापू स्वतः कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करून वर आले होते. एक टेक वाढला की खालच्या माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आजच्या दिग्दर्शकांनी त्यांचा हट्ट उचलला, हजेरीपट तेवढा विसरले.

आता आमच्या वाईत सिनेमा येतो तो पाहुणा म्हणून. प्रकाश झांनी ‘मृत्युदंड’ आणि ‘गंगाजल’साठी वाईत बिहार उभा केला. ‘स्वदेस’मध्ये वाईजवळच्या मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातल्या चरणपूरचा झाला. नाना फडणविसांच्या वाड्यालगतचा हा घाट आता गावापेक्षा जास्त ओळखीचा आहे. ‘दबंग’, ‘चेन्नई एक्स्प्रेस’ सगळे इथे येऊन गेले. कृष्णेचा घाट, जुने वाडे, ऊस, धोमचं पाणी, वर पाचगणीला नटांना उतरायला हॉटेलं आणि मुंबई पाच-सहा तासांवर. अशी सोय दुसरीकडे नाही. त्यातून आमचे टेम्पो चालतात, खानावळी चालतात, वाडेवाल्यांना भाडं मिळतं. माझं घरही त्यावरच उभं आहे, त्यामुळे शूटिंगवाले वाईट असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

पण युनिट मुंबईहून येतं तेव्हा सिनेकामगारांच्या फेडरेशनचं कार्ड असलेली माणसं थोडीच असतात. बाकीची भरती इथलीच. वाई, सातारा, कराड, मिरज, जतपासूनची पोरं येतात. त्यांच्याकडे कार्ड नसतं, कागदही नसतो. कोऑर्डिनेटरचा फोन नंबर असतो. तरापावरून पडलं तर त्या नंबरवर फोन लावायचा, तो उचलेल तर.

दिग्दर्शकांच्या पद्धतीवर पानंच्या पानं लिहिली जातात. कुणी शंभर टेक घेतो, कुणी सीन ऐनवेळी फिरवतो, कुणी नटांना महिनाभर गावात ठेवतो. आम्ही मात्र पद्धत ओळखतो ती पॅकअपच्या वेळेवरून. मी एका मोठ्या नावाच्या माणसाबरोबर काम केलंय, त्याचा कागद आदल्या संध्याकाळी हातात पडायचा. सीन कोणता, कॅमेरा कुठे, लाईट किती आणि सूर्य कुठल्या बाजूला. तो कडक होता, शिव्याही द्यायचा, पण आठ वाजता आम्ही जेवायला बसलेलो असायचो. दुसरे एक कलावंत होते. त्यांना सेटवर आल्यावर सुचायचं. सकाळी लावलेलं सगळं दुपारी काढायचं, संध्याकाळी परत तिथेच लावायचं, आणि पहाटे ते म्हणायचे, काय मजा आली ना! त्या शेड्यूलमध्ये मिरजेचा एक ड्रायव्हर खंबाटकी घाटात स्टिअरिंगवर झोपला. गाडी कठड्याला घासून थांबली म्हणून पाच माणसं वाचली. कलावंताला सुचतं ते फुकट सुचत नाही. त्याचं बिल कुणीतरी झोपेत भरत असतं.

आणि जिवाचा हा धोका फक्त सिनेमातला नाही. मालिकांमध्ये तर तो रोजचाच असतो. सप्टेंबर 2020 मध्ये ‘आई माझी काळूबाई’च्या शूटिंगला आलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री आशालताबाई वाबगावकर करोनाने साताऱ्यात गेल्या. युनिटमधल्या बऱ्याच जणांना लागण झाली होती. बाईंचं नाव मोठं, म्हणून महाराष्ट्राला कळलं.

कायदा नाही असंही नाही. 1981 च्या कायद्याने सिनेकामगाराला लेखी करार दिल्याशिवाय कामावर घेता येत नसे. तो कायदा फक्त सिनेमापुरता होता. आता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत मालिका आणि वेबसिरीजही आल्या. वाईत मी आजवर असा कागद एकाही स्थानिक पोराच्या हातात पाहिलेला नाही. सरकार शूटिंगची परवानगी एका खिडकीतून देतं, मराठी सिनेमाला अनुदान देतं. त्याच खिडकीत दोन-तीन प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? स्थानिक किती माणसं घेतली, त्यांची नावं, आणि पॅकअप ते पुढचा कॉल यात किती तास गेले. लोकेशनचं भाडं घेणाऱ्या ग्रामपंचायतीनेही हे विचारावं. घाटाचे पैसे मोजून घेता, मग घाटावर राबणारी पोरंही मोजा.

माझ्यापुरतं मी एक केलं. माझ्या जनरेटरच्या बिलावर कलम घातलं की बारा तासांनंतर ऑपरेटर बदलेल आणि दुसऱ्याचे पैसे प्रॉडक्शन देईल. एका युनिटच्या लोकांनी ते वाचलं, हसले आणि दुसऱ्याचा जनरेटर नेला. एकट्याने लिहून भागत नाही, म्हणून वाई-पाचगणीतल्या बाकी जनरेटरवाल्यांकडे मी सध्या खेपा घालतोय. दोघं तयार झालेत. तिसरा म्हणतो, दादा, एवढा सीझन जाऊ दे.