किटलाही लसीसारखाच फ्रिज हवा

पावसाळा सरता सरता खानदेशात तापाचे रुग्ण वाढतात आणि नातेवाईक विचारू लागतात, ‘डेंग्यूचा एलायझा रिपोर्ट अजून का नाही?’ कारण कधी कधी एका मुळीत दडलेले असते.

हॉर्सरॅडिश ही मोहरीच्या कुळातली तिखट मुळी. इंग्रजांनी भारतात तिची तहान शेवग्याच्या मुळावर भागवली, म्हणून शेवग्याला इंग्रजीत ‘हॉर्सरॅडिश ट्री’ म्हणतात! त्या खऱ्या मुळीतून पेरॉक्सिडेज नावाचा विकर, म्हणजे एन्झाइम, मिळतो. हिमोग्लोबिनप्रमाणे त्याच्याही गाभ्यात लोहयुक्त हीम असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने तो टीएमबी या रंगहीन द्रव्याला निळे करतो. शेवटी आम्ल घातले की पिवळे. एकच रेणू हजारो रेणू रंगवतो, म्हणून रक्तातली अत्यल्प प्रतिपिंडेही दिसतात. १९७१ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन वीमेन आणि शुर्स यांनी तो अशा तपासणीत वापरला. पुण्याच्या एनआयव्हीच्या डेंग्यू किटमध्येही तोच आहे. रक्तातली साखर मोजण्याच्या ‘जीओडी-पीओडी’ पद्धतीतला पीओडी म्हणजेही पेरॉक्सिडेजच.

हा विकर तसा चिवट. भाज्या टिकवण्यासाठी उकळत्या पाण्यातून काढतात, तेव्हा त्यांतला पेरॉक्सिडेज मेला का, हे पाहूनच प्रक्रिया पुरी झाल्याचे ठरवतात. पण किटच्या बाटलीत तो फार पातळ केलेला आणि दुसऱ्या प्रथिनाला जोडलेला असतो; तिथे त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस लागते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा! फ्रिज बंद पडला किंवा खोके दुपारभर गाडीत राहिले, तर रंग फिका पडतो. सोबत लावलेला पॉझिटिव्ह कंट्रोल ही चूक पकडतो, पण मग सगळी प्लेट बाद. साक्री-शिरपूरच्या किंवा यावल-चोपड्याच्या रुग्णाचा रिपोर्ट लांबतो आणि तोवर रॅपिड कार्डावर भिस्त ठेवावी लागते. ते कार्ड सोयीचे असले, तरी निदान पक्के करायला एलायझाच लागते.

लसीसाठी आपण आइस-बॉक्स दिले, दिवसातून दोनदा तापमान लिहायची शिस्त लावली. तपासणीच्या किटला मात्र अजून ‘सामान’ समजले जाते. माझे मत स्पष्ट आहे: ज्या प्रयोगशाळेत एलायझा होते, तिथल्या फ्रिजला तापमानाची नोंदवही आणि वीज गेल्यावर चालणारी सोय हवीच, आणि किट स्वीकारताना खोक्यातला बर्फ वितळलेला असेल तर ते परत पाठवण्याचा अधिकार तंत्रज्ञाला लेखी हवा.