कपाशीच्या लाल पानाची साक्ष

कपाशी पात्या-फुलांतून बोंडांवर आली, आश्विन सरू लागला आणि पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला, की वऱ्हाडातील कितीतरी शेतांत हिरवे पान कडेकडेने तांबूस होत जाते, पाहता पाहता अवघे शेत लाल दिसू लागते, आणि ‘लाल्या आला’ म्हणत शेतकरी औषधाच्या दुकानाची वाट धरतो. वस्तुतः लाल्या हा जंतूचा वा बुरशीचा रोग नव्हे. ती वनस्पतीच्या देहधर्मातील विकृती आहे. कृषी विद्यापीठे हे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत, तरी ते ज्ञान बांधापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, याचे मला मनस्वी दुःख होते.

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याला धरून नायट्रोजनचे चार अणू असतात. एकाच वेळी पुष्कळ बोंडे धरणाऱ्या संकरित वाणांत ती बोंडे पोसण्यासाठी झाड आपल्याच पानांतील नत्र काढून घेते. त्यातच पावसात पाणी तुंबून मुळे दुबळी झालेली असली, अथवा पुढे पावसाने ताण दिला, तर जमिनीतून होणारी भरपाई थांबते आणि हरितद्रव्याचे विघटन सुरू होते. सूर्य मात्र पूर्ववत तळपत असतो. रात्रीच्या थंडीने आणि पाण्याच्या ओढीने प्रकाशसंश्लेषण मंदावलेल्या पानाला तो सारा प्रकाश उपयोगात आणता येत नाही, आणि न वापरलेली ऊर्जा पेशींनाच जाळू लागते. अशा वेळी पानात साठलेल्या शर्करेच्या आधाराने अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य तयार होते, जे अतिरिक्त प्रकाशाचा काही भाग स्वतः शोषून घेऊन पेशींना आडोसा देते, असे अनेक संशोधकांचे मत आहे. तात्पर्य, ज्या लालीला आपण व्याधी समजतो ती पुष्कळ अंशी झाडाने स्वतःच्या रक्षणार्थ केलेली तजवीज असते.

पान हाती घेऊन नीट पाहिले तर कारणाचा छडा बराचसा लागतो. खालच्या जुन्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला असेल, तर मॅग्नेशियमची उणीव संभवते. खालची पाने सरसकट फिकट होऊन मग लाल झाली असतील, तर नत्राची. परंतु कडा खाली वळून लालसर झाल्या असतील, तर पान उलटे करावे: तेथे तिरके चालणारे फिकट हिरवे तुडतुडे दिसले, तरच कीटकनाशकाचा विचार करावा. नत्राची तूट दोन टक्के युरियाच्या आणि मॅग्नेशियमची एक टक्का मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीने वेळीच भरून काढता येते. सबंध पान लाल झाल्यावर मात्र या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या शेतात कीड नाही तेथे विषाची एकही फवारणी होऊ नये, असे म्हणायला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

सरकारी दप्तराची चाल मात्र उलट आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा होतो तो नैसर्गिक आपत्तीने पीक हातचे गेल्यावर, आणि त्यातील सारा हिशेब नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. पान कधी आणि कशाने लाल होऊ लागले, याला त्या कागदात स्थान नसते. माझी मागणी साधी आहे. बोंडे भरू लागण्याच्या सुमारास कृषी सहायकाने प्रत्येक गावातील निवडक शेतांत पाने तपासावीत, कारणाचा शेरा नोंदवावा, तो ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लावावा आणि पुढे पंचनाम्याची वेळ आलीच, तर ती नोंद मिसलीत दाखल करून घेण्याचा हुकूम महसूल खात्याने याच हंगामात काढावा.