सांध्याचा धनी कोण?



२०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा गोव्याच्या अंतर्भागातील कितीतरी मुले रेंज शोधत डोंगरावर जाऊन बसत होती. तेव्हापासून ‘आमच्याकडे टॉवर कधी येणार?’ हा प्रश्न पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांवर ऐकू येतो. प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. टॉवरवर बसणारी यंत्रे कोणाची, ती एकमेकांशी जुळतात का, आणि बिघडली तर उत्तर द्यायचे कोणी?

टॉवर हा नुसता लोखंडी सांगाडा असतो. खरे काम करतात त्यावरची यंत्रे. वर बसवलेला रेडिओ आपल्या फोनशी लहरींनी बोलतो. त्याला केबलने जोडलेला संगणक त्या लहरींचा अर्थ लावतो आणि कोणत्या फोनला किती वाट द्यायची ते ठरवतो. त्यामागे नेटवर्कचा गाभा असतो. ग्राहक ओळखणे आणि कॉल योग्य ठिकाणी वळवणे हे त्याचे काम. गाभा आणि रेडिओची बाजू यांच्यातील सांधा जगभर जाहीर नियमांनी बांधलेला आहे. पण रेडिओ आणि त्याचा संगणक यांच्यातील सांधा प्रत्येक कंपनीने आपल्या पद्धतीने ठेवला. त्यामुळे रेडिओ ज्या कंपनीचा घेतला, संगणकही तिचाच घ्यावा लागतो, आणि पुढची दुरुस्ती व वाढही तिच्याच हाती राहते.

हा सांधाही जाहीर नियमांनी बांधावा, म्हणजे एकाचा रेडिओ आणि दुसऱ्याचा संगणक जोडता येईल, या विचाराला ‘ओपन रॅन’ म्हणतात. त्यासाठी २०१८ साली पाच मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी ओ-रॅन अलायन्स ही संस्था स्थापन केली.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हा मुद्दा चटकन कळेल. मुंबईहून रेल्वेने गोव्यात येताना एके काळी मिरजेला गाडी बदलावी लागे, कारण मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आणि पुढे मीटरगेज. सामान उतरवा, फलाट शोधा, पुन्हा चढा! आज कोकण रेल्वेने मुंबईहून पेडण्याला थेट उतरता येते. रुळांमधील अंतर एक ठरले की डबा कोणत्या कारखान्यात बनला हे विचारावे लागत नाही.

सांधा बंद असला की काय होते, हे इंग्लंडने अनुभवले. २०२० साली तेथील सरकारने ह्युवेई कंपनीची सामग्री २०२७ अखेरपर्यंत फाइव्ह-जी नेटवर्कमधून काढून टाकण्याचे ठरवले. आपल्याकडेही २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नवी सामग्री विश्वासू ठरवलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावी लागते. अशा वेळी एक भाग बदलायचा, तर त्याला जखडलेला दुसरा भागही काढावा लागतो. खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी.

येथपर्यंत सारे गोड वाटते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नियम कागदावर जुळले म्हणून यंत्रे जुळतातच असे नाही. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे उदाहरण घ्या. त्यात रेडिओ बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सचे, गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेचा आणि सगळे जुळवून चालवून दाखवण्याची जबाबदारी टीसीएसची. याला पूर्ण अर्थाने ओपन रॅन म्हणता येणार नाही. येथील सांधा आधीपासूनच जाहीर नियमांचा होता. तरीही मे २०२३ मध्ये मोठी मागणी नोंदवल्यानंतर सुमारे ९७,५०० टॉवरांसह राष्ट्रार्पण व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडले. खासगी कंपनीची फोर-जी सेवा देशात २०१२ सालीच सुरू झाली होती. सगळा उशीर जुळवणीमुळे झाला असे नाही, पण वेगवेगळ्या घरची यंत्रे एकत्र नांदवणे हे वेळखाऊ काम आहे, एवढे यातून नक्की दिसते.

काहीजण म्हणतील, मग एकाच कंपनीचे सगळे घ्यावे, एक फोन केला की माणूस हजर. खरे आहे. पण तो तिच्या मर्जीने आणि तिच्या दराने हजर होतो. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने २०२३ साली ओपन रॅनकडे वळण्याचे जाहीर केले, तेव्हाही मुख्य काम एरिक्सन या एकाच कंपनीकडे गेले. जबाबदारी घेणारा एक हवा, ही ओढ एवढी मोठी आहे. माझे मत असे, की सांधा खुला हवाच, पण त्या सांध्याला एक धनी हवा. बीएसएनएलच्या कामात कोणाला जाब विचारायचा हे ठरलेले होते. हीच त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

आता आपल्या घरातली गोष्ट. एका शाळेत मी भिंतीवर टांगलेला डिजिटल फळा पाहिला. पेन, प्रोजेक्टर, प्रणाली, सारे एकाच पुरवठादाराचे. त्याने धंदा बंद केला आणि फळा नुसता पडदा झाला. दुसरीकडे चार जणांकडून स्वस्तात घेतलेले सामान होते. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि मुले मात्र खडू-फळ्यावरच शिकत होती.

म्हणून व्यवस्थापन मंडळाला माझी विनंती आहे. संगणक कक्षासाठी किंवा वर्गांसाठी काहीही घेताना तीन गोष्टी कागदावर मागाव्यात. जोडणी जाहीर मानकांप्रमाणे असावी. सगळे मिळून चालते याची हमी एका नावाने असावी. आणि जुळवणी कशी केली हे शाळेतील एका शिक्षकाला व दोन-चार विद्यार्थ्यांना शिकवून जावे. पालकांनीही ग्रामसभेत टॉवर मागताना, तो बंद पडला तर कोणाकडे जायचे, हे विचारून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉटचे छोटे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बसले. १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनाशिवाय चालणारे. ते भारतीय तरुणांनी घडवले होते आणि त्याचा आराखडा पुढे अनेक कारखान्यांना दिला गेला. यंत्र विकत घेणारे पुष्कळ असतात. दोन यंत्रांमधला सांधा समजणारे थोडे. तुमच्यापैकी काहींनी तरी त्या थोड्यांत असावे, हीच इच्छा.