मैदानावरून : खो कोण देणार?

दोस्तांनो, खो-खोचा संघ निवडायची वेळ आली की एक वाद हमखास होतो. "जो सगळ्यांत जोरात पळतो, त्यालाच घ्या!" तुमच्या वर्गातही होतो ना?

समजा, भोर तालुक्यातल्या आंबवड्याच्या मुलांचा संघ निवडायचाय. आठ गडी आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेत, नववा पाठलाग करतोय. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणारा मात्र सुळकन पलीकडे निसटतो. मग नुसत्या पायांच्या जोरावर तो सापडेल कसा? तिथं हवा खो! पलीकडे तोंड असलेल्या गड्याच्या पाठीवर थाप, आणि पाठलाग पलीकडे सुरू. क्षणभर उशीर झाला, तर पळणारा लांब गेलाच. घाईत हात लागण्याआधीच बसलेला उठला, तर फाऊल!

अमेरिकन फुटबॉलमध्येही असंच. तिथं चेंडू हातानं फेकतात, आणि तो कोणाकडे फेकायचा हे क्वार्टरबॅक ठरवतो. टॉम ब्रॅडी हा खेळाडू चाचणीत ४० यार्ड पळायला ५.२८ सेकंद घेत होता. म्हणजे त्या खेळात चक्क संथ! २००० साली संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात त्याचा नंबर लागला १९९वा. पुढे त्यानं सुपर बोल ही सर्वांत मोठी स्पर्धा सात वेळा जिंकली. पाय मोजले गेले; नजर आणि निर्णय मोजायचे राहून गेले.

मग पळणं वाया का? छे! जागा बघून गडी बसवायचा. खांबाजवळ लांब हाताचा, झेप घेणारा. मध्ये चटकन उठणारा आणि वेळेवर खो देणारा. मैत्री बघून तर मुळीच नाही.

एक युक्ती सांगतो. सरावाच्या वेळी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने आखा : वेळेवर दिलेले खो, उशिरा दिलेले खो, फाऊल. चार-पाच दिवस खुणा करा, मगच संघ ठरवा. ज्याची निवड झाली नाही, त्यालाही वही दाखवा. "तू नकोस" एवढंच ऐकलं की मुलगा मैदान सोडतो. काय सुधारायचं ते कळलं, तर उद्या पुन्हा येतो. आईबाबांनो, "निवडलं का रे?" याआधी "आज काय जमलं?" असं विचाराल ना?

आंबवड्यातच जिवा महालांची समाधी आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी सोबत मोजकेच अंगरक्षक नेले होते, त्यांत जिवा होते. सय्यद बंडाचा वार त्यांनी नेमक्या क्षणी रोखला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तेव्हापासूनची. योग्य माणूस योग्य जागी असला की काय होतं, ते आंबवड्याच्या मुलांना वेगळं सांगायला नको!

मग काय, उद्या वही घेऊन मैदानावर जाणार ना?