विज्ञानकथेच्या दरबारी संगीत नाटक

खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान शाळेत, जे धरण अद्याप बांधलेही गेलेले नाही त्याच्या सांडव्याची लहानशी प्रतिकृती उभारून तीवरून पाणी सोडून पाहण्याचे जे काम वर्षानुवर्षे चालते, तेच काम विज्ञानकथा मनुष्यस्वभावाविषयी करीत असते. आणि म्हणूनच आपल्या विज्ञानकथेने गायनकलेची अशी परीक्षा क्वचितच घेतली याची मला मनापासून खंत वाटते.

पाश्चात्त्यांनी ती घेतली आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२२ साली तीनशेहून अधिक वर्षे जगलेली एक ऑपेरागायिका नायिका म्हणून रंगविली, आणि यानाचेक या संगीतकाराने त्याच कथानकाचा ऑपेरा रचून १९२६ मध्ये तो ब्रनो येथे रंगभूमीवर आणविला. फिलिप डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीत मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये गाणारी स्त्री वस्तुतः यंत्रमानव असते, आणि असल्या यंत्रांचा नायनाट करण्यास नेमलेला नायक तिचे गाणे ऐकून स्वतःच्या कर्तव्याविषयीच साशंक होतो.

त्याच ‘मॅजिक फ्लूट’मधील राणीचे पद १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेले, आणि त्याच तबकडीवर आमच्या गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाईंची भैरवीही गेली! केसरबाई नाटकवाल्या नव्हेत हे खरे. परंतु ज्या भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांना काही काळ लाभली, त्याच बुवांनी १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ला चाली दिल्या, म्हणजे संगीत नाटकाशी त्यांचे नाते फार दूरचे नाही.

१९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली, तेव्हापासून कृष्णविवरे, कालप्रवास, परग्रहवासी हे सारे आपल्या कथांत रुळले. ऑर्गनच्या साथीने पद आळविणारा नट मात्र बाहेरच तिष्ठत राहिला. दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा एवढीच एक तजवीज करावी: बालगंधर्वांचा गळा हुबेहूब उचललेले यंत्र ‘स्वयंवर’च्या प्रयोगात उभे आहे, पद संपते, प्रेक्षागृहातून ‘वन्समोर’चा गजर होतो, आणि जे पद गंधर्व दर वेळी नव्या जागा घेत पुन्हा फुलवीत, ते या खेपेस यंत्र कसे म्हणते, एवढ्या प्रश्नावर लेखकांकडून कथा मागवावी.