तेल महागाचे की वेळेचे?

गेल्या पंधरवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी तेलाचे दोन डबे घेऊन दारी आला. गाणगापूरच्या शिवारात त्याची पाच एकर तूर-ज्वारी आहे आणि नुकताच घेतलेला एक छोटा ट्रॅक्टर. एका डब्यात साधे खनिज तेल, दुसऱ्यात सिंथेटिक. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक. दोन्ही डबे त्याने परतीच्या बोलीवर आणले होते. "गुरुजी, कोणते घालू?"

भाषेच्या शिक्षकाला हा प्रश्न कशाला, असे वाचकांस वाटेल. पण हीच निवड आम्ही एकदा केली होती आणि तिची किंमतही मोजली होती.

धाकट्या बंधूंच्या ट्रॅक्टरला आम्ही आग्रहाने महागडे तेल घालावयास लावले. पुस्तिकेत तेल बदलण्यास २५० तासांची मर्यादा होती. उंची तेल म्हणून ती आम्ही खुशाल दुप्पट केली. ऐन ज्वारीच्या पेरणीत इंजिन बसले. काळ्या रानाची ओल कोणासाठी थांबत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत वाफसा निघून गेला आणि निम्मे रान पडून राहिले. मिस्त्रींनी इंजिन उघडले तेव्हा बेअरिंगे झिजलेली, तेलात बारीक माती. हवेची जाळी कोणी धुतलीच नव्हती. "तेल चांगलेच होते, गुरुजी," ते म्हणाले, "पण मातीपुढे कोणते तेल टिकणार?"

मग आम्ही डब्यावरची अक्षरे वाचावयास शिकलो. '१५डब्ल्यू-४०' यातील 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. आधीचा आकडा तेल थंडीत किती पातळ राहते ते सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात किती दाट राहते ते. '१५'चे तेल उणे वीस अंशांतही इंजिन फिरू देते. '५'चे उणे तीसपर्यंत. सिंथेटिक तेलाचे कण प्रयोगशाळेत सारखे घडविलेले असतात, म्हणून ते कडाक्याच्या थंडीत गोठत नाही आणि उष्णतेने लवकर विटतही नाही. लडाखात त्याचा उपयोग मोठा. आमच्या भीमाकाठी पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. उन्हाळ्यात तो चाळिशी ओलांडतो, पण त्याला '४०'चा दाटपणा दोन्ही डब्यांत सारखाच. आणि डिझेलची काजळी व शेतातली धूळ यांना महागाईचा मुलाहिजा नसतो.

आमच्या बालपणी बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. त्यात एरंडेल असो वा दुसरे काही, शहाणा गाडीवान आस कुरकुरण्याची वाट पाहत नसे. ट्रॅक्टरचे इंजिन तर कुरकुरतही नाही, थेट बसते.

तेव्हा विद्यार्थ्यास आम्ही सांगितले : पुस्तिकेत लिहिलेला दाटपणा आणि 'सीएच-४', 'सीआय-४' अशी जी प्रत असेल ती पाहून साधेच तेल घे. उरलेल्या पैशांत तेलाची गाळणी दर बदलाला नवी घाल. नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, ते चुकवू नकोस. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदल. उभ्या इंजिनातही ओलावा साचतो. तेल काळे झाले म्हणून घाबरू नकोस, काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच. दुधाळ दिसले तर मात्र पाणी शिरले असे समज आणि इंजिन सुरूच करू नकोस. धुळीच्या दिवसांत हवेची जाळी रोज पाहा.

आणि एक. जुने तेल डब्यात भरून भंगारवाल्यास दे, ओढ्यात ओतू नकोस. तो ओढा अमरजेला मिळतो आणि अमरजा भीमेला. ज्या संगमावर आपणांपैकी कित्येक कुटुंबे दूरदूरच्या गावांहून स्नानास येतात, तेथे ते तेल पोहोचावयास एक पाऊस पुरतो.

महाग डबा तो परत करून आला. परवा त्याच्या शेताकडे गेलो होतो. गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख आणि तासांचा आकडा लिहिलेला होता. आमच्या बंधूंच्या भिंतीवर तेवढ्या दोन ओळी असत्या, तर ते निम्मे रान पडले नसते.