‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे उत्तर नाही

‘फॉरमॅट मारावं लागेल. पाचशे रुपये. डेटा गेला समजा.’

दुकानातल्या दादाने लॅपटॉपकडे मिनिटभर पाहिलं आणि निकाल दिला. आदल्या रात्री मी लिनक्सचं नवं व्हर्जन टाकलं होतं. सकाळी ‘विंडोज की लिनक्स’ विचारणारा मेनू आलाच नाही. काळा पडदा, त्यावर ‘ग्रब’ हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर.

त्या लॅपटॉपमध्ये सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या ३१ मुलाखती होत्या. त्यांतल्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांचा आवाज पुन्हा कुठून आणणार? बॅकअप नव्हता, ही चूक माझीच. पण दादा जे सुचवत होता त्याला दुरुस्ती कसं म्हणायचं?

मुळात बिघडतं काय ते बघा. लॅपटॉप सुरू झाला की मदरबोर्डवरचं यूईएफआय आपल्याकडची नोंद वाचतं. ती नोंद त्याला डिस्कवरच्या एका चिमुकल्या पार्टिशनकडे पाठवते. तिथे ग्रब नावाचा बूटलोडर असतो. तो आपली मेनूची फाइल शोधतो आणि मग सिस्टिम उघडते. अपग्रेडमध्ये या साखळीतली एखादी कडी निसटते: कधी नोंदींचा क्रम बदलतो, कधी मेनूच्या फाइलचा पत्ता चुकतो. तुमच्या फाइल जागच्या जागी असतात. दारावरची पाटी पडली म्हणून कुणी घर पाडतं का?

मी लॅपटॉप उचलून घरी आले. त्या काळ्या पडद्यावर ‘एलएस’ टाइप करून एंटर दाबलं. डिस्कची पार्टिशनं दिसली. एकेकात डोकावत गेले. पाचव्यात ‘होम’, त्यात माझं फोल्डर, त्यात मुलाखतींचं. काहीही गेलं नव्हतं! मग ‘कॉन्फिगफाइल’ लिहून पुढे मेनूच्या फाइलचा पत्ता दिला आणि हरवलेला मेनू समोर आला. लिनक्समध्ये शिरल्यावर आधी मुलाखती पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या दोन कमांड चालवल्या. बस.

ग्रबचा पडदाही येत नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करता येतो. डिस्क एन्क्रिप्टेड नसेल तर फाइल तिथूनच काढता येतात. मेनूतून फक्त विंडोज गायब असेल तर त्याचंही साधं कारण असू शकतं. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. सेटिंगमधली एक ओळ बदलली की तो सुरू होतो. डिस्कच मरायला टेकली असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही फॉरमॅट हा इलाज नसतोच.

दादावर माझा राग नाही. दुकानाचं भाडं आहे, दारात रांग आहे. पाचशे रुपयांत तो दोन तास बिघाड शोधत बसला तर खाईल काय? फॉरमॅट केलं की गिऱ्हाईक मोकळं. पण त्याच्या वाचलेल्या वेळेची किंमत मावशींच्या आवाजाने का मोजायची?

राग आहे तो आपल्या सवयीवर. फोन अडकला की रीस्टार्ट, नाही जमलं तर फॅक्टरी रीसेट. पुसून टाकणं म्हणजेच दुरुस्त करणं, हे आपण इतकं मान्य केलंय की ‘का बिघडलं?’ हा प्रश्न तोंडात येत नाही. मला कमांड पाठ नव्हत्या. फोनवर शोधत, एकेक अक्षर तपासत मी त्या टाइप केल्या. तेवढं कुणालाही जमतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट म्हणालं, तर एवढंच विचारा: ‘दादा, नेमकं काय बिघडलंय?’ उत्तर आलं नाही तर लॅपटॉप उचला आणि घरी या.